मांड कोणाची पक्की?

वाचकहो, घणसोलीच्या माणसाने घोड्यांविषयी बोलावे म्हणजे घाटावरच्या माणसाने निवट्यांच्या कालवणाविषयी बोलण्यासारखे आहे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि या दोहोंच्या मध्ये भाताची खाचरे, मिठागरे आणि गुडघाभर चिखल, असा हा मुलूख होता. १९७० साली सिडको आली, नवी मुंबई उभी राहू लागली, २००४ साली रेल्वे आली आणि चिखलावर डांबर पडले, ही गोष्ट वेगळी. त्यापूर्वी इथे चालत असे ती होडी, नाही तर बैलगाडी, नाही तर माणसाचे दोन पाय. घोड्याला लागते कडक जमीन. चिखलात खूर रुतला की त्याचा सगळा तोरा गेला. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले तेव्हाही मोठा प्रश्न होता तो खाडी ओलांडायची कशी हाच. तिथे घोडदळाचा डौल काय कामाचा?

आणखी एक गंमत सांगतो. कुळथाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘घोड्याचे कडधान्य’ असा होतो. आम्ही कोकणातली माणसे त्याची पिठी करून भातावर ओरपतो. घोड्याच्या तोंडचा घास काढून घेतल्याची टोचणी आम्हांला कधी लागली नाही, कारण घोडाच नव्हता!

तरीसुद्धा घणसोलीच्या गल्लीत घोडा येतो बरे का. लग्नसराईत येतो, आणि पाठीवर नवरदेव घेऊन येतो. पाहा ते दृश्य. पुढे बेंजो वाजतो आहे, मागे करवल्या, मध्ये घोडी आणि घोडीवर फेटा बांधलेला नवरदेव. मोटारसायकलपलीकडे त्याने जन्मात कशावर मांड टाकलेली नाही. घोडी भाड्याची. तिचा लगाम घोडेवाल्याच्या हातात. नवरदेवाच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने पुढ्यात बसवलेला भाचा घट्ट धरलेला. भाचा धरला आहे की भाच्याला धरून स्वतः बसला आहे, हे सांगणे कठीण. फटाका वाजतो, घोडी कान मागे टाकते, नवरदेव डोळे मिटतो, नवरदेवाचे मित्र चार पावले मागे सरतात, आणि कोणी तरी आत्या नाही तर मावशी सरळ पुढे होते, घोडीच्या मानेवर हात ठेवते आणि म्हणते, “गप गो बाय, गप.” आणि घोडी गप होते. आयुष्यात एकदाच घोड्यावर बसायचे, तेही लगाम दुसऱ्याच्या हाती देऊन! पुढच्या संसाराची इतकी चोख तालीम दुसरी कुठली असेल?

तर मुद्दा असा, की पुरुषाची आणि बाईची घोड्याशी वागण्याची तऱ्हा निरनिराळी असते काय? आपल्या भाषेला विचाराल तर ती सगळी पुरुषांच्या बाजूची. घोडे दामटायचे ते पुरुषाने, घोडे अडायचे ते पुरुषाचे, घोड्यावर बसून येणारा पाहुणाही पुरुषच. बायकांच्या वाट्याला या सगळ्या पागेतून एकच शब्द आला: ‘घोडनवरी’. मुलीचे लग्न जरा लांबले की हा शब्द तिच्या पाठीवर आसुडासारखा पडतो. लग्न लांबलेल्या मुलाला कोणी ‘घोडनवरा’ म्हटल्याचे सहसा ऐकू येत नाही. तो नुसता ‘शिकतोय अजून’!

पण देवघरात जाऊन पाहा, तिथे हिशेब वेगळा आहे. खंडोबाचा टाक पुष्कळ घरी असतो. चांदीच्या त्या लहानशा पत्र्यावर घोडा असतो, घोड्यावर मल्हारी असतो, आणि त्याच घोड्यावर म्हाळसाही असते. कित्येक टाकांत आणि चित्रांत ती नवऱ्यासारखीच हातात शस्त्र घेऊन दैत्यावर चालून गेलेली आहे. ज्या कारागिराने हा साचा प्रथम घडवला, त्याला बाई घोड्यावर बसते यात नवल वाटले नसावे. आपल्या दारच्या वरातीत मात्र नवरदेव घोडीवर आणि नवरी मोटारीत. अलीकडे काही मुली हट्टाने घोडीवर बसून मांडवात येऊ लागल्या आहेत, आणि त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. म्हाळसेची बातमी कोणी छापली होती?

आता जरा इतिहासाकडे वळू. तुम्हांला एका बाईची गाठ घालून देतो. बायजाबाई शिंदे. कागलच्या घाटग्यांची मुलगी. १७९८ साली दौलतराव शिंद्यांशी तिचे लग्न झाले. १८२७ साली दौलतराव वारले आणि पुढची सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार बाईंनी पाहिला. दत्तक घेतलेल्या जनकोजीरावाशी बिनसले, फौज उलटली, आणि १८३३ साली बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. आपले लोक, आपल्या बायका, घोडे, तंबू असे सगळे बिऱ्हाड घेऊन त्या उत्तर हिंदुस्थानात हिंडत राहिल्या. १८३५ साली त्यांचा तळ गंगेकाठी फत्तेगडला होता.

तिथे त्यांना भेटायला एक इंग्रज बाई आली. तिचे नाव फॅनी पार्क्स. नवरा कंपनीच्या नोकरीत, अलाहाबादला. ही बाई मोठी चौकस. हिंदुस्थानी बोलायला शिकलेली, सतार वाजवणारी, जिथे जाईल तिथे लिहून ठेवणारी. पुढे १८५० साली तिने आपल्या प्रवासाचे दोन जाड खंड लंडनला छापले, त्यामुळे फत्तेगडच्या तळावरची ही हकीगत आपल्याला कळते.

बोलता बोलता घोड्यांचा विषय निघाला. मराठी छावणीतल्या बायका, त्या काय इतर विषय काढणार? आणि त्यांना एक शंका होती. इंग्रज बायका घोड्यावर वाकड्या बसतात असे त्यांनी ऐकले होते. ते खरे की खोटे? पार्क्सबाईंनी आपला घोडा आणवला, आपल्या पद्धतीने वर चढल्या आणि फिरून दाखवले. आता इंग्रज बाईंची पद्धत म्हणजे काय, हे समजून घ्या. दोन्ही पाय घोड्याच्या एकाच अंगाला, डाव्या बाजूला. अंगात जमिनीवर लोळेल एवढा लांब झगा. कंबर वळवून तोंड पुढे. भोवती मराठ्यांच्या बायका जमल्या, एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि निकाल लागला: वाकडीच बसते की ही! अशी बसून पडत कशी नाही, हेच त्यांना नवल.

मग उलट बाजूची परीक्षा झाली. बाईंची नात गजराजा ही पंधरावीस वर्षांची पोर, घोड्यावर मोठी तरबेज. मराठी बायका बसत तशी ती दोन्ही बाजूंना पाय टाकून, मांड घालून बसे. पार्क्सबाईंनाही तसेच बसवण्यात आले. पहिल्यांदा त्या बिचकल्या असतील, पण थोडे फिरून आल्यावर त्यांचे मतच फिरले. इतके ऐसपैस, इतके सुरक्षित बसणे त्यांनी कधी अनुभवले नव्हते. आणि त्यांना आठवली ती आपली एलिझाबेथ राणी, जिने म्हणे इंग्लंडातल्या बायकांची बसण्याची जुनी रीत बदलून टाकली. त्या राणीच्या अकलेविषयी पार्क्सबाईंनी जो शेरा मारला आहे तो काही आदराचा नाही!

खरे म्हणजे राणी एलिझाबेथवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे आहे. इंग्लंडात ही एकांगी बैठक आणण्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, परंपरेने दिले जाते ते बोहेमियाच्या अ‍ॅन नावाच्या राजकन्येला. १३८२ साली ती दुसऱ्या रिचर्ड राजाशी लग्न करून इंग्लंडात आली. त्या वेळचे एकांगी खोगीर म्हणजे जवळजवळ खुर्चीच. बाईने त्यावर आडवे बसायचे, पाय एका फळीवर ठेवायचे आणि लगाम? लगाम धरून पुढे दुसरा माणूस चालणार. आता सांगा, ही चौदाव्या शतकातली युरोपातली राजकन्या आणि घणसोलीचा आपला नवरदेव यांत काय फरक आहे? दोघेही नटूनथटून ठेवलेले, दोघांच्याही हाती लगाम नाही. म्हणजे हा स्त्रीपुरुषांतला फरक मुळी नव्हेच. ज्याला मिरवायचे त्याला लगामाची गरज नसते, एवढेच.

पुढे युरोपातल्या बायकांनी या खोगिराशी पुष्कळ झटापट केली. उजवा पाय अडकवायला खोगिराला शिंगासारखा खुंट आला, तेव्हा तोंड पुढे करून बसता येऊ लागले आणि लगाम बाईच्या हाती आला. १८३० च्या सुमारास डाव्या मांडीवर दाब देणारे दुसरे शिंग आले, आणि मग त्या कुंपणेसुद्धा उडवू लागल्या. म्हणजे पार्क्सबाई फत्तेगडला वाकड्या बसून दाखवत होत्या त्याच सुमारास तिकडे ही सुधारणा होत होती. तरी एक अडचण राहिलीच. घोड्याला चालवायचे ते दोन्ही पायांच्या दाबाने. दोन्ही पाय डावीकडे असले तर उजव्या अंगाला कोण बोलणार? म्हणून उजव्या हातात एक छडी असे. तीच उजव्या पायाचे काम करी. हात, छडी, खुंट, झगा, टोपी, एवढा संसार सांभाळून ज्या बायका शिकारीमागे दौडल्या, त्यांच्या कौशल्याला मी तरी हसणार नाही. फत्तेगडच्या बायका हसल्या, तो त्यांचा अधिकार होता.

आणि या सगळ्याचे मूळ कुठे आहे म्हणाल, तर कपड्यात. झग्याला मध्ये फट नाही. आपल्या नऊवारी लुगड्याला कासोटा आहे. कासोटा मारला की बाई शेतात वाकायला मोकळी, होडीत चढायला मोकळी आणि घोड्यावर मांड टाकायलाही मोकळी. घणसोलीच्या म्हाताऱ्या गुडघ्यावर लुगडे नेसून खाडीच्या चिखलात उतरत, त्याच कापडाच्या त्याच नेसणीने शिंद्यांच्या छावणीतल्या बायका घोड्यावर बसत. मराठ्यांच्या छावण्यांत राहिलेल्या इंग्रजांना हे दृश्य पाहून अचंबा वाटे, आणि तो त्यांच्या लिखाणात उतरला आहे. आमच्या लेखी त्यात अचंब्यासारखे काही नव्हते, म्हणून आमच्यापैकी फारच थोड्यांनी ते लिहून ठेवले. १८१८ नंतर छावण्या मोडल्या, घरातली पागा गेली, बाई माजघरात गेली. मग दोन पिढ्यांत आपण असे धरून चाललो की बाईचा आणि घोड्याचा संबंध कधी नव्हताच. घरातली विद्या गेली की ती होती ही आठवणही मागोमाग जाते.

थोड्यांनी लिहिले म्हणालो, त्यांतला एक आपल्याच अंगाचा आहे. पेणजवळ वरसई नावाचे गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे. घरी कर्ज, माणसे फार, दक्षिणा कमी. १८५७ च्या आरंभी त्यांच्या कानावर बातमी आली, की बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात लाखांनी दानधर्म होणार आहे. होय, याच त्या बायजाबाई; आता त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. भटजी चुलत्याला बरोबर घेऊन उत्तरेस निघाले, आणि यज्ञाच्या दक्षिणेऐवजी गाठ पडली ती सत्तावनच्या बंडाशी. फिरत फिरत ते झाशीला पोहोचले आणि लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्यांनी हे सारे लिहून काढले आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापले. ‘माझा प्रवास’ हे त्याचे नाव पुष्कळांना माहीत आहे.

भटजी घोड्यावरचे नव्हेत. पण त्यांचे डोळे भिक्षुकाचे, म्हणजे बारीक! झाशीच्या बाईंचा दिनक्रम ते सांगतात: पहाटे मल्लखांब, मग घोड्याची रपेट, घोडा मंडळावर धरणे, भिंत उडवणे, खंदक उडवणे. कधी पुरुषी पोशाख, कधी लुगडे. आणि एक माहिती ते देतात ती आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. घोड्याची पारख करण्यात त्या काळी उत्तर हिंदुस्थानात तीन नावे गाजत होती: नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि तिसऱ्या या बाई. तिघांत एक बाई आहे म्हणून भटजी थबकत नाहीत, काही टिप्पणी करीत नाहीत. नावामागे नाव लिहून मोकळे होतात.

घोडा पारखणे ही आपल्याकडच्या पुरुषांची मोठी विद्या. शालिहोत्राची पोथी निघे, घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजले जात. अमुक जागी भोवरा म्हणजे धन्याला शुभ, तमुक जागी म्हणजे धन्याचा घात. चार पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, तो पंचकल्याणी, त्याला वाटेल ती किंमत. घोडा धावतो कसा हा प्रश्न कधी कधी सगळ्यांत शेवटी येई. पुरुषांच्या खरेदीचा हा गुण अजून गेलेला नाही. मोटार घेताना आधी रंग पाहतात की नाही?

आता झाशीच्या बाईंची गोष्ट सांगतात ती ऐका. एकदा एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला देखणे, दोन्ही सारखेच उमदे. बाईंनी दोघांवर बसून फेरफटका मारला, उतरल्या आणि किंमत केली: एकाचे हजार रुपये, दुसऱ्याचे पन्नास. भोवतालचे लोक चकित. बाई म्हणाल्या, दुसरा दिसतो चांगला, पण छातीत दुखावलेला आहे. सौदागराने ते कबूल केले आणि दोन्ही घोडे तिथेच ठेवून गेला, असे म्हणतात. आकडे सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण पारख करण्याची रीत प्रत्येक सांगण्यात तीच आहे: नुसते पाहून बोलायचे नाही, बसून बोलायचे.

ही रीत मला ओळखीची वाटते. सकाळी घणसोलीच्या बाजारात मासळी घेणारी बाई पाहा. नवरा टोपलीकडे पाहून म्हणतो, “काय चकचकीत आहे!” बाई काही बोलत नाही. माशाचा कल्ला बोटाने उचलते, आत लाल आहे की काळपट ते पाहते, पोटावर अंगठा दाबते आणि मग सांगते, “कालचा हाय.” विकणारीही बाईच असते, त्यामुळे तिला हे सारे अगोदरच ठाऊक असते. दोघी जणी एकमेकींकडे पाहून हसतात आणि खरा भाव तिथून सुरू होतो. झाशीच्या बाईंनी घोड्याचा कल्ला उचलला, इतकेच!

हे सारे जुन्या काळचे झाले असे वाटत असेल तर एखाद्या रविवारी माथेरानला जा. १८५० साली ठाण्याचेच कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ती जागा शोधली, आणि तिथे आजही गावात मोटारगाडी मोकळी फिरत नाही. दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा आहे. नाक्याशी उभे राहून जोडपी पाहावीत. बायको घोडेवाल्याला पहिला प्रश्न विचारते, “याचं नाव काय?” दुसरा, “चावत नाही ना?” तिसरा, “याने खाल्लं का?” नवरा एकच प्रश्न विचारतो, “पळतो का?” बायको चढताना घोडेवाल्याचे ऐकते, रिकिबीत पाय कसा घालायचा ते विचारून घेते. नवऱ्याला कोणी सांगितलेले चालत नाही. सिनेमात पाहिलेले असते! तो जोराने टाच मारतो. घोडा शहाणा. आठवड्याला असे किती तरी शूर पाहिलेले. तो जागचा हलत नाही, उलट मान खाली घालून वाटेवरचे गवत खाऊ लागतो. घोडे पेंड कुठे खाते, हे तेव्हा नीट कळते. परतताना बायको घोड्याच्या मानेवर थाप मारून त्याचे नाव घेऊन निरोप घेते, आणि नवरा ‘लगाम जरा सैल होता’ असे सांगत चालू लागतो, थोडा फेंगडा.

म्हणजे बाईची मांड पक्की, असा निकाल द्यावा काय? थोडे थांबा. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात काही वर्षांपूर्वी हीच गोष्ट शास्त्राने तपासली. घोडे तेच ठेवले, त्यांच्यावर आळीपाळीने सारख्याच अनुभवाचे पुरुष आणि बायका बसवल्या, उड्या मारायला लावल्या, आणि घोड्याला किती ताण पडतो ते त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवरून आणि लाळेवरून मोजले. फरक काही सापडला नाही. वर बाबा आहे की बाई, घोड्याला त्याचे सोयरसुतक नाही. त्याला लागते शिकलेली मांड आणि हलका हात. माथेरानचा नवरा आणि बायको यांत जो फरक दिसतो, तो घोड्याने केलेला नाही. तो आपण पाळण्यापासून करीत आलो आहोत. मुलग्याला विचारायला लाज वाटावी असे वाढवतो, मुलीला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये असे वाढवतो. घोड्यासमोर दुसरी सवय कामी येते, इतर ठिकाणी ती किती कामी येते ते घराघरातल्या मुलींना विचारा.

खेळांच्या जगातही हे समजायला वेळच लागला. ऑलिंपिकमध्ये घोड्याला तालावर चालवण्याची स्पर्धा असते. १९४८ पर्यंत तिथे फक्त फौजेतले कमिशन मिळालेले अधिकारी उतरू शकत. त्या वर्षी स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळवले आणि मागाहून गमावले, कारण त्यांच्यातला एक जण अधिकारी नसून साधा सार्जंट निघाला. घोड्याला हे कोणी सांगितले नसावे! १९५२ साली हेलसिंकीला ते दार उघडले आणि डेन्मार्कची लिस हार्टेल आत आली. पोलिओने तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागे. एकदा वर बसली की मात्र तिने पुरुषांच्या बरोबरीने रौप्यपदक नेले, आणि पुढच्या वेळी पुन्हा नेले. आज ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी हाच असा खेळ आहे, की ज्यात स्त्रीपुरुष एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने समोरासमोर उतरतात. २०२३ साली हांगझौच्या आशियाई खेळांत आपल्या देशाला याच प्रकारात सांघिक सुवर्ण मिळाले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुश अगरवाला: दोन मुली, दोन मुलगे. घोडेस्वारीत सुवर्ण मिळाले ते ४१ वर्षांनी.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र अर्धीच सांगून झाली आहे. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा त्या रात्रीच्या वेळी घोड्यावरून बाहेर पडल्या, बरोबर लहानगा दामोदर. काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींना त्या पुन्हा भेटल्या. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. भटजी विहिरीतून पाणी काढून देऊ लागले, तर त्यांनी ते काम भटजींना करू दिले नाही, मडके स्वतः घेतले. पुढे काल्पी गेली, ग्वाल्हेर घेतले, आणि जूनमध्ये कोटा की सराईच्या लढाईत सगळे संपले. परंपरा सांगते, की त्या दिवशी बाईंच्या मांडीखाली नेहमीचा घोडा नव्हता. तो जायबंदी होता, म्हणून शिंद्यांच्या पागेतला एक नवा घोडा घेतला होता. वाटेत एक लहानसा नाला आला. झाशीला खंदक उडवणाऱ्या बाईंना तो नाला म्हणजे काहीच नव्हे. पण घोडा बिचकला, तिथल्या तिथे गोल फिरू लागला, आणि मागचे स्वार येऊन पोहोचले. जिने एका फेरफटक्यात हजाराचा घोडा आणि पन्नासाचा घोडा वेगळा केला, तिला आपला शेवटचा घोडा तपासून घ्यायला एक सकाळसुद्धा मिळाली नव्हती.

बायजाबाई त्यानंतर पाच वर्षे जगल्या. १८६३ साली त्या वारल्या. गोडसे भटजी बंड शमल्यावर वरसईला परत आले. दक्षिणा वाटेतच लुटली गेली होती. आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड तेवढी त्यांनी खांद्यावरून आणली, पायी चालत.